लोरीन नीडेकरला सवलतीचे गुण नकोत

अमेरिकन कवितेविषयी आपल्याकडे जे काही बोलले जाते ते चार-पाच नावांच्या आत. व्हिटमन, एमिली डिकिन्सन, फ्रॉस्ट. आणि १९६२ मध्ये मुंबईच्या कवींना प्रत्यक्ष भेटून गेल्यामुळे घरचाच वाटणारा गिन्सबर्ग. या यादीबाहेरचे नाव घेतले की श्रोते सावरून बसतात आणि पुढचा प्रश्न हमखास कवितेविषयी नसतो, कवीच्या हालांविषयी असतो. लोरीन नीडेकर हे नाव मी गेली काही वर्षे सीमाभागातल्या लहानमोठ्या व्यासपीठांवर घेत आलो आहे. तिच्याविषयी मला तीनच प्रतिक्रिया ऐकायला मिळाल्या. पहिली हळहळीची: ‘अरेरे, एवढी मोठी कवयित्री आणि इस्पितळात फरशा पुसत होती!’ दुसरी कौतुकाची: ‘म्हणजे अमेरिकेची बहिणाबाईच म्हणा की!’ आणि तिसरी आपलेपणाची: ‘आपल्यासारखीच, केंद्रापासून दूर, उपेक्षित!’

तिन्ही प्रतिक्रिया सद्भावनेच्या आहेत, आणि तिन्ही चूक आहेत. सद्भावनेने केलेली चूक खोडणे अवघड असते, कारण खोडणारा माणूस खाष्ट ठरतो. तो खाष्टपणा पत्करून हा लेख लिहितो आहे.

प्रथम थोडी माहिती दिली पाहिजे, कारण ती मराठीत सहज मिळण्यासारखी नाही. लोरीन नीडेकरचा जन्म १२ मे १९०३ चा. विस्कॉन्सिन राज्यातल्या फोर्ट ॲटकिन्सन या लहान गावाबाहेर रॉक नदीच्या काठी ब्लॅकहॉक आयलंड नावाची जागा आहे. नावात बेट असले तरी ती खरे पाहता नदी आणि कॉश्कनाँग सरोवर यांच्यामध्ये शिरलेली सखल जमीन आहे. वसंतात बर्फ वितळले की नदी घरात येते, जमिनीवर अंथरलेले सगळे भिजवते आणि सावकाश परत जाते. ज्या सॉक सरदाराच्या नावावरून जागेला नाव मिळाले तो ब्लॅक हॉक १८३२ च्या युद्धात गोऱ्यांकडून हरला. म्हणजे जागेच्या नावातच एक हिसकावलेला मुलूख आहे. बाप हेन्री कार्प मासे जाळी टाकून पकडायचा आणि विकायचा. आई डेझी पुढे पूर्ण बहिरी झाली. लोरीनला १९२२ मध्ये बेलॉइट कॉलेजात घातले. दोन वर्षांनी आईच्या शुश्रूषेसाठी ती परत आली आणि शिक्षण तिथेच थांबले. १९२८ मध्ये लग्न झाले, ते दोन वर्षांतच मोडले.

त्यानंतरच्या नोकऱ्यांची यादी पाहा. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मदतनीस. १९३८ ते १९४२, मंदीच्या काळात सरकारने बेकार लेखकांसाठी काढलेल्या लेखक-प्रकल्पात मॅडिसन शहरी संशोधन आणि संपादन. विस्कॉन्सिन राज्याची माहिती देणारा जो जाडजूड ग्रंथ १९४१ मध्ये निघाला तो याच प्रकल्पाचा. पुढे काही काळ रेडिओसाठी संहितालेखन. १९४४ ते १९५० ‘होर्ड्स डेअरीमन’ या दुग्धव्यवसायाच्या नियतकालिकात मुद्रितशोधन, आणि डोळ्यांच्या विकारामुळे ते सोडणे. आणि १९५७ ते १९६३ फोर्ट ॲटकिन्सनच्या इस्पितळात सफाईचे काम. १९६३ मध्ये ॲल मिलन या कामगाराशी दुसरे लग्न, काही वर्षे मिलवॉकी शहर, १९६८ मध्ये पुन्हा ब्लॅकहॉक आयलंड, आणि ३१ डिसेंबर १९७० रोजी मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू. वय ६७.

या यादीत सहा वर्षांचे झाडू-पोछ्याचे काम आहे तशीच वाचनालयाची, संशोधनाची, रेडिओची आणि मुद्रितशोधनाची वर्षेही आहेत. आपल्या हळहळ्या मंडळींनी नेमकी ही सहा वर्षे उचलली. का उचलली? कारण दयेला चित्र लागते, आणि मुद्रितशोधकाचे चित्र होत नाही, बादलीचे होते. खरे तर तिच्या कवितेला सफाईइतकेच, किंबहुना अधिक, घडवले असेल तर ते मुद्रितशोधनाने. एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर काय होते हे रोज आठ तास पाहणाऱ्या माणसाचे ते काम. आपल्या अधू डोळ्यांनी तिने ते सहा वर्षे केले. तिच्या कवितेत स्वल्पविराम कुठे येतो आणि ओळ कुठे तुटते हे पाहिले तर मी काय म्हणतो ते कळेल.

आता दुसरी प्रतिक्रिया. बहिणाबाईंचे नाव घेणाऱ्यांचा हेतू दोघींचा गौरव करण्याचा असतो. प्रत्यक्षात दोघींवरही अन्याय होतो.

बहिणाबाई चौधरींचा (१८८०–१९५१) वारसा मौखिक. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात जे स्फुरले ते मुलाने आणि नातलगाने टिपून ठेवले, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते ग्रंथरूपाने आले. ‘निरक्षर असून एवढे!’ हा अचंबा तेव्हापासून सुरू झाला तो अजून संपलेला नाही, आणि त्या अचंब्याखाली ओवीवरची त्यांची हुकमत किती कसलेली होती हा प्रश्न कायमचा दबला. उत्स्फूर्त म्हटले की मेहनतीचा विचार करावा लागत नाही. समीक्षकाची सोय होते.

नीडेकर मात्र पुस्तकांची बाई. तिच्या निवडक पुस्तकांत मार्कस ऑरेलियस होता, थोरो होता, जपानी हायकू होते. तिच्या शेवटच्या काळातल्या दीर्घ कविता थॉमस जेफर्सन, विल्यम मॉरिस आणि डार्विन यांच्यावर आहेत, आणि त्या या माणसांची पत्रे व चरित्रे महिनोन्महिने वाचून, त्यांतले शब्द वेचून रचलेल्या आहेत. पहिला संग्रह ‘न्यू गूज’ हा १९४६ चा. इंग्रजी बालगीतांच्या चालीचा तिने त्यात उपयोग केला, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडचे बोलही घेतले; पण त्या चालीत भरले काय, तर मंदी, युद्ध, जप्ती, जमिनीची हाव. लोकगीताची चाल तिने जाणूनबुजून उचलली. चालीत जन्मणे आणि चाल उचलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही मोठ्या असू शकतात, पण एकीचे माप दुसरीला लावता येत नाही.

तिच्या कामाची पद्धत सांगतो, म्हणजे उत्स्फूर्ततेचा भ्रम उरणार नाही. १९६६ च्या उन्हाळ्यात ॲलबरोबर तिने मोटारीने लेक सुपीरियरला वळसा घातला. हे जगातले सर्वांत मोठ्या पृष्ठभागाचे गोड्या पाण्याचे सरोवर. नवरा-बायकोची साधी सहल. पण या सहलीसाठी तिने काय वाचले? त्या किनाऱ्याचे भूस्तर, खनिजे, रॅडिसनसारखे फ्रेंच प्रवासी, मार्केटसारखे मिशनरी, स्कूलक्राफ्टची प्रवासवर्णने. टिपणांचा ढीग झाला. त्या ढिगातून निघालेली ‘लेक सुपीरियर’ ही कविता काही मोजक्या पानांची आहे. खडकातले लोखंड आणि जिवंत देहातले लोखंड एकच, हा तिचा कणा. माणसे त्या किनाऱ्यावर येतात, नावे देतात, मरतात, दगड उरतो. टिपणांतले बाकीचे सगळे तिने टाकून दिले. २०१३ मध्ये ती प्रवासटिपणे कवितेसोबत पुस्तकरूपाने छापली गेली तेव्हा काय ठेवले आणि काय टाकले हे कोणालाही ताडून पाहता येऊ लागले. ज्यांना कविता लिहायची आहे त्यांनी निदान तेवढे एक पुस्तक पाहावे.

विस्कॉन्सिन हा दुधाचा मुलूख. तिथे दूध आटवून डब्यांत भरण्याचे कारखाने असत, आणि ‘पोएट्स वर्क’ या नावाच्या तिच्या एका अगदी लहान कवितेत ती स्वतःच्या कामाला त्या कारखान्याच्या पंगतीत बसवते. बेळगावकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. आपल्याकडे कुंदा होतो तो दूध तासन्‌तास आटवून, आणि आटवताना कढईपुढून उठता येत नाही. किती दूध घातले होते हे खाणाऱ्याला दिसत नाही, चवीत कळते. आपण मात्र कवितेत दुधाचे मापच दाखवत बसतो.

तिसरी प्रतिक्रिया सर्वांत गोड, म्हणून सर्वांत घातक. ‘आपल्यासारखीच उपेक्षित.’

उपेक्षा झाली हे खरेच. हिशेब मांडून दाखवतो. पहिला संग्रह १९४६, तिच्या बेचाळिसाव्या-त्रेचाळिसाव्या वर्षी, इलिनॉय राज्यातल्या प्रेअरी सिटी नावाच्या खेड्यातल्या एका छापखान्याकडून. दुसरा ‘माय फ्रेंड ट्री’ १९६१ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. तोही एक चिमुकली पुस्तिका, आणि ती काढली कोणी, तर स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरी इयान हॅमिल्टन फिन्ले या कवीने. ‘नॉर्थ सेंट्रल’ १९६८, लंडनच्या फुल्क्रम प्रेसचे. ‘टी अँड जी’ १९६९, जोनाथन विल्यम्सच्या जार्गन सोसायटीचे. ‘टी’ म्हणजे टेंडरनेस आणि ‘जी’ म्हणजे ग्रिसल, म्हणजे कोवळे तेही आणि दाताला न तुटणारे चिवट तेही. आणि ‘माय लाइफ बाय वॉटर’ १९७०, पुन्हा लंडनचेच. सगळ्यांत मोठी तीन पुस्तके आयुष्याच्या शेवटच्या तीन वर्षांत. न्यूयॉर्कच्या एकाही मोठ्या प्रकाशकाने तिचे पुस्तक तिच्या हयातीत काढले नाही. १९५० च्या दशकात तिने झुकॉफ्स्कीच्या मुलाला, पॉलला, उद्देशून लिहिलेली ‘फॉर पॉल’ ही कवितामाला पुस्तकरूपाने तिला पाहायलाच मिळाली नाही. तिचे समग्र लेखन नीट संपादित होऊन एकत्र आले ते २००२ मध्ये, जेनी पेनबर्थी यांच्या संपादनाने, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या छापखान्यातून. मृत्यूनंतर ३२ वर्षांनी.

हा हिशेब ज्यांनी केला पाहिजे ते न्यूयॉर्कचे प्रकाशक, निवडक कवितांचे संग्रह काढणारे संपादक, आणि दीर्घकाळ तिचे नाव अभ्यासक्रमात न घालणारी विद्यापीठे. त्यांचा दोष मी लपवत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. उपेक्षेची ही गोष्ट आपण अशा थाटात सांगतो की जणू ती एकटीच काठावर बसून लिहीत होती आणि कोणी तिला वाचतच नव्हते. हे असत्य आहे.

१९३१ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकाचा एक विशेष अंक निघाला. संपादक लुई झुकॉफ्स्की, न्यूयॉर्कचा तरुण कवी. ज्यांना पुढे ‘ऑब्जेक्टिव्हिस्ट’ म्हटले गेले त्या रेझ्निकॉफ, ओपेन, राकोसी, बंटिंग यांचा तो अंक. भावनेचा फुगवटा काढून टाका, वस्तू नीट पाहा, शब्दाला वस्तूसारखे वजन द्या, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे. हा अंक लोरीनने वाचला आणि झुकॉफ्स्कीला पत्र घातले. तो पत्रव्यवहार पुढे जवळजवळ चाळीस वर्षे चालला. १९३३ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली, माणसे पाहिली आणि परत आली. त्याच वर्षी तिच्या कविता ‘पोएट्री’त छापून आल्या. १९६० नंतर सिड कॉर्मन या दुसऱ्या संपादक-कवीशी पत्रे सुरू झाली. तो जपानमध्ये क्योटोला राहून ‘ओरिजिन’ हे नियतकालिक चालवीत असे, आणि त्याने ते अंक तिच्यासाठी खुले ठेवले. १९६७ मध्ये बेझिल बंटिंग हा इंग्रज कवी, ज्याच्या ‘ब्रिगफ्लॅट्स’चा तेव्हा गाजावाजा सुरू झाला होता, तिला मुद्दाम भेटून गेला. १९७० च्या नोव्हेंबरात कॉर्मन तिच्या घरी आला आणि तिच्या आवाजात कविता ध्वनिमुद्रित करून घेतल्या. तिच्या वाचनाचे तेवढे एकच ध्वनिमुद्रण आहे. सहा आठवड्यांत ती गेली.

आता सांगा, हा एकांत झाला का? ज्या टपालात एडिंबरा, लंडन, क्योटो आणि न्यूयॉर्कची पत्रे येत त्या टपालाची मालकीण एकाकी नव्हती. तिला वाचक मोजके होते, पण त्यांतला एकेक जण वाचायला कठोर होता. शेजारी आणि इस्पितळातले सहकारी यांतल्या बहुतेकांना ती कविता लिहिते याचा पत्ता नव्हता, आणि तो तिने लागू दिला नाही. गावाच्या कौतुकाची तिला गरज पडली नाही, कारण तिची कविता परत पाठवणारी माणसे तिच्याजवळ होती.

इथे एक उलट आक्षेप येतो, आणि तो काही हलका नाही. झुकॉफ्स्की हाच तिचा गुरू, त्यानेच तिला घडवले. तो न्यूयॉर्कचा, म्हणजे शेवटी घडवले ते केंद्रानेच, असे काही जण म्हणतात. तिला ‘झुकॉफ्स्कीची शिष्या’ म्हणण्याची पद्धत खुद्द अमेरिकेतही बराच काळ होती.

शिष्या हा शब्द तपासून पाहू. सुरुवातीला ती अतिवास्तववादाकडे ओढली गेली होती. ते झुकॉफ्स्कीला पसंत नव्हते, तरी तिने ते एकदम सोडले नाही. ‘फॉर पॉल’ त्याला अवघडवणारी होती, कारण त्यात त्याचे घर होते. तरी तिने ती लिहिली. लोकांच्या बोलण्याचे कान तिला त्याने दिले नाहीत, ते नदीकाठाने दिले. आणि १९५६ मध्ये झुकॉफ्स्कीच्या कवितेवर गांभीर्याने लिहिणारे फारसे कोणी नव्हते तेव्हा तो लेख लिहिला लोरीनने. गुरूची बाजू शिष्येने मांडावी लागली, कारण केंद्रात राहूनही गुरू उपेक्षितच होता! ही गोष्ट आपल्या मंडळींनी जपून ठेवावी. न्यूयॉर्कचा पत्ता असून झुकॉफ्स्कीला दशकानुदशके वाचक मिळाले नाहीत. बंटिंग तर इंग्लंडमध्ये असून साठी उलटेपर्यंत विसरलेला होता. पत्ता कवितेला तारतो हेही खोटे आणि पत्ता कवितेला मारतो हेही अर्धसत्य.

मग काठावर राहिल्याने तिला काय मिळाले? मिळाले ते साहित्य, म्हणजे कच्चा माल, आणि भरपूर मिळाले. पाणथळातले सोरा पक्षी, डांबर लावलेली जाळी, पुरात भिजलेल्या सतरंज्या, बहिऱ्या आईचे घर, बापाने घालवलेली आणि उरलेली मालमत्ता, भाडेकरू, जप्ती, बरीच वर्षे नळ नसलेली दीड खोलीची झोपडी. ‘पीअन टू प्लेस’ ही तिची दीर्घ कविता या सगळ्याची. त्या कवितेत पूर येतो, पण ‘पाहा माझ्यावर कसा पूर आला’ असा सूर एकदाही येत नाही. आईचे बहिरेपण येते ते ऐकू येणाऱ्या आवाजांच्या मधोमध येते, म्हणजे वाचणाऱ्याला ते ऐकू यायला लागते. इस्पितळातली सफाईही आलीच तर काम म्हणून येते. तक्रार आणि माहिती यांतला फरक तिला ठाऊक होता. गरिबीविषयी तिने माहिती दिली आणि भावना वाचकावर सोडली.

म्हणून तिला ‘प्रादेशिक’ कवयित्री म्हणणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. हा शब्द तिच्या देशात तिच्या वाट्याला आला, आपल्या देशात तो आपल्या वाट्याला येतो. न्यूयॉर्कच्या एका रस्त्यावर लिहिलेली कविता वैश्विक, आणि रॉक नदीवर लिहिलेली प्रादेशिक? रस्ता काय नदीपेक्षा जास्त जगभर पसरलेला असतो? सर हॅरिसन बर्टविसल या इंग्लंडच्या बड्या संगीतकाराने तिच्या नऊ कवितांना गायिका आणि चेलो यांच्यासाठी संगीत दिले. त्याचा विस्कॉन्सिनच्या कार्प माशांशी काय संबंध होता? काहीही नव्हता. कविता चांगल्या होत्या एवढाच संबंध होता.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी एवढे विस्कॉन्सिन ऐकवले.

आपण सीमाभागातले लिहिणारे ‘उपेक्षा’ या शब्दावर गेली कित्येक दशके जगत आलो आहोत. राजकीय अन्याय आहे, तो मी नाकारत नाही आणि तो नाकारणाऱ्याशी मी वेगळ्या ठिकाणी भांडेन. पण त्या अन्यायाची पावती आपण कवितेच्या खिडकीवर वटवू लागलो, ही गोष्ट बोलली पाहिजे. वाङ्मयेतिहासात ‘सीमाभागातील साहित्य’ असे चार पानांचे प्रकरण मिळाले की आपण हरखतो. त्या चार पानांत नावांची यादी असते, एका कवितेचेही विवेचन नसते. ते प्रकरण म्हणजे परीक्षेत मिळालेले सवलतीचे गुण आहेत. सवलतीच्या गुणांनी पास झालेला विद्यार्थी पुढच्या वर्गात जातो खरा, पण त्याची उत्तरपत्रिका पुन्हा कोणी उघडत नाही.

आणि ही सवलत फक्त पुण्या-मुंबईचे लोक देतात असे नाही. आपण ती एकमेकांना देतो. आपल्या भागात गावोगावी संमेलने भरतात, ही अभिमानाची बाब आहे. त्या कविसंमेलनांत पन्नास-साठ कवी वाचतात आणि साठांनाही टाळ्या मिळतात. आपले दिवाळी अंक कविता मागवतात, आलेल्या छापतात. ‘ही कविता शेवटच्या आठ ओळी काढल्यास छापीन’ असे पत्र कितीजणांना आले आहे? कॉर्मनने आणि झुकॉफ्स्कीने लोरीनला जे दिले ते मुख्यतः हेच: काटछाटीला तयार असलेला वाचक. ते देण्यासाठी न्यूयॉर्क लागत नाही. क्योटो चालते, खानापूर चालते, निपाणी चालते. पत्र लिहायला बसणारा माणूस लागतो.

कोणी म्हणेल, इथे भाषाच टिकवण्याची लढाई चालू असताना हे चोखंदळपण परवडते का? जे मूल मराठीत चार ओळी लिहिते आहे त्याला आधी शाबासकी द्या, कात्री मागाहून काढा. मुलाच्या बाबतीत मला हे शंभर टक्के मान्य आहे. पण पन्नाशी उलटलेल्या, सात संग्रह असलेल्या कवीला आपण अजून त्याच मुलाच्या रांगेत उभे करतो, हा त्याचा अपमान आहे. आणि भाषा टिकते ती तीत लिहिलेले काहीतरी पुन्हा वाचावेसे वाटते म्हणून. जिच्यातले काहीच दुसऱ्यांदा उघडावेसे वाटत नाही ती भाषा टाळ्यांनी टिकणार नाही.

लोरीन नीडेकरची आजची स्थिती सांगायची तर २०११ मध्ये मार्गो पीटर्स यांनी लिहिलेले तिचे सविस्तर चरित्र निघाले. फोर्ट ॲटकिन्सनच्या ज्या वाचनालयात ती कधीकाळी मदतनीस होती तिथे आता तिच्या साहित्याचा संग्रह जपला जातो. गावातल्या एका इमारतीच्या भिंतीवर तिची कविता मोठ्या अक्षरांत रंगवली आहे. तिच्या कवितेचा पत्ता ज्या गावाला लागला नव्हता ते गाव आता ती जाता-येता वाचते. याला कोणी ‘उशिरा का होईना, न्याय’ म्हणेल. न्यायाचे मला ठाऊक नाही. एवढे दिसते की तिच्या कवितेने पन्नास वर्षे वाट पाहिली तरी ती नासली नाही. पुरेशी आटवलेली होती.

तेव्हा पुढच्या वेळी तिचे नाव निघाले तर बादलीची गोष्ट सांगू नका. बहिणाबाईंना मध्ये ओढू नका. ‘आपल्यासारखीच’ म्हणण्याआधी आपले शेवटचे पुस्तक उघडून त्यातून किती पाने टाकली होती ते मोजा. आणि इंग्रजी येत असेल तर तिची एक, फक्त एक, लहान कविता मराठीत आणण्याचा प्रयत्न करा. चार-पाच ओळींचीच असते, पंधरा मिनिटांचे काम वाटेल. पंधरा दिवसांनीही एक शब्द अडून बसला असेल, तर कवितेचे काम म्हणजे काय यावर मला आणखी काही सांगावे लागणार नाही.